उजव्या कानावरची पेन्सिल

भाऊ, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर मी तुमचा चेहरा उलटा छापला.

उलटा म्हणजे डोकं खाली, मान वर असा नाही. तेवढ्या शुद्धीवर मी होतो. डावं उजवीकडे गेलं आणि उजवं डावीकडे. जन्मभर उजव्या कानावर बसलेली तुमची पेन्सिल डाव्या कानावर गेली. राइस मिलच्या भिंतीवर नाव रंगवताना शिडीसकट खाली आलात, तेव्हा डाव्या भुवईत पडलेली खाच उजव्या भुवईत गेली. हे सगळं आठ फूट उंच, रंगीत, तुमच्याच अंगणातल्या मंडपाच्या तोंडाशी, हार घालून. खाली बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव होतं. ते मात्र सरळ आलं होतं.

लोक येत होते, फुलं वाहत होते, फ्लेक्सकडे बघत होते. काहीतरी चुकलंय हे प्रत्येकाला जाणवत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. एक जण म्हणाला, "सुखदेवभाऊच होत, पन जरा रागावल्यासारखे दिसून राह्यले." दुसऱ्यानं समजूत घातली, "आजारपनात चेहरा बदलते ना." मी बाजूलाच उभा राहून मानेनं हो म्हणत होतो. खरं सांगतो, तोपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

निर्मलावहिनी आत भन्तेजींच्या समोर बसल्या होत्या. पंचशील झालं, लोक जेवायला उठले, तेव्हा त्या बाहेर आल्या आणि फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. तांदूळ निवडताना खडा दिसला की बाई जसं बघते, तसं त्यांनी बघितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यायची पेन्सिल कोन्त्या कानावर रायते?"

मी माझ्याच कानाला हात लावून पाहिला. मग फ्लेक्सकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"राहू द्या आता," वहिनी म्हणाल्या. "पन घरात लावासाठी एक नीट काढून द्या. महिना घ्या, घाई नाही. हातानं काढा का मशीनवर काढा. पन हे दिसले पाहिजे."

अमोल म्हणाला, "आई, मोबाइलमध्ये बाबांचे एवढे फोटो आहेत. त्यातलाच एक मोठा करून घेऊ."

"फोटोत हे मोबाइलकडं पाहून राह्यले," वहिनी म्हणाल्या. "मले ते नाही पाहिजे."

महिना सरत आला, भाऊ. चित्र झालं नाही, म्हणून लिहायला बसलो. चित्र अडलं की मी बोलत सुटतो हे तुम्हाला माहीत आहे. "गजूचा हात थांबला का तोंड सुरू होते," असं तुम्हीच म्हणायचात.

आपली पहिली भेटसुद्धा माझ्या मूर्खपणानंच घडवून आणली होती. नव्व्याण्णव साल. केशोरीत एका घरचे म्हातारे वारले होते आणि तेरवीच्या आत भिंतीवर लावायला चित्र हवं होतं. म्हाताऱ्यांनी आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर तोंड दिलं होतं, निवडणूक ओळखपत्रासाठी, आणि तेही जबरदस्तीनं. मी तेव्हा गोंदियात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचो. पण माझ्याकडे पॅन्टोग्राफ होता. चार लाकडी पट्ट्यांचं ते यंत्र; एका टोकाचा खिळा लहान फोटोवरून फिरवायचा, की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र कागदावर मोठं काढते. ते काखेत मारून मी एसटीतून उतरलो, तेव्हा गावानं निदान दोन मिनिटं काम थांबवून माझ्याकडे बघावं अशी माझी अपेक्षा होती.

नखाएवढा फोटो मी दोन फुटांचा केला. ओसरीत घर जमलं. मोठा मुलगा बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.

"बाबाच्या कपारावर हे गोल काय होय?"

"आठी," मी म्हणालो. "वय झालं की कपाळावर पडते."

"गोल आठी?"

ती ओळखपत्रावरच्या शिक्क्याची कड होती. अर्धा शिक्का फोटोवर उमटला होता आणि मी तो म्हाताऱ्याच्या कपाळावर, छायाबिया देऊन, मोठ्या भक्तिभावानं कोरला होता.

तुम्ही ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्या घरात दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मोठ्यानं मला बोलावलं होतं आणि धाकट्यानं तुम्हाला. एका म्हाताऱ्यावर दोन पेंटर. तुम्ही हसला नाहीत. (पुढे कधीतरी कबूल केलंत की गालाच्या आतून दात रोवून बसला होता.) पिशवीतून चित्रवही काढलीत, गुडघ्यावर ठेवलीत, कानावरची पेन्सिल घेतलीत आणि घराला विचारलंत, "नाक कोनाकडं गेलं?"

म्हणजे म्हाताऱ्याचं नाक कोणाला मिळालंय. त्यावर ओसरीत चांगलीच चर्चा झाली. नाक मोठ्याचं ठरलं, हनुवटी धाकट्याची. दोघांना समोर यावं लागलं, आणि बाक एकच होता. तुम्ही मुद्दाम हळूहळू काढत होतात, असा मला आजही संशय आहे. डोळ्यांसाठी कोणालाच बसवलं नाहीत. "बाबा सकाळी उठले का पयले कायकडं पाहे?" एवढंच विचारलंत.

"बांधीकडं," धाकटा म्हणाला. "धानात पानी किती हाय ते."

"मंग कमी असलं का मोठ्याले शिव्या दे," मोठा म्हणाला, आणि धाकटा हसला.

तुम्ही ते डोळे काढलेत. पाणी जोखणारे. मग पिशवीतून दाढीचा आरसा निघाला. वही आरशासमोर धरलीत, आरशातलं चित्र पाहिलंत, एक कान किंचित खाली घेतलात. आणि मग वही मोठ्या सुनेपुढे धरलीत. ती परातीत पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं आणि पिठाचा हात तसाच डोक्याकडे गेला. तिनं पदर पुढे ओढला. सासरे दारातून आत आल्यावर घेतात, तसा.

तुम्ही वही मिटलीत. "झालं," म्हणालात.

परतताना मी पॅन्टोग्राफ शर्टाखाली लपवायचा प्रयत्न करत होतो. तो लपत नाही. एसटीच्या फाट्यापर्यंत तुम्ही माझी ती धडपड बघत आलात. मग म्हणालात, "यंत्र चांगलं हाय बे. पन त्याले कसं समजीन, मानूस कोन्ता आन् शिक्का कोन्ता?"

तेव्हापासून मी तुमच्या मागे लागलो. तुम्ही शिकवलंत असं मात्र म्हणवत नाही. माझ्या चित्रावर तुम्ही एक रेघही ओढली नाहीत. "तुझी रेघ मी काऊन मोडू?" म्हणायचात. फक्त पेन्सिलीचा एक बारीक ठिपका ठेवायचात, रेघ ज्या बाजूला जायला हवी होती त्या बाजूला. गाल फार बाहेर आला असेल तर ठिपका आत. ओठ खाली घसरला असेल तर ठिपका वर. किती आत, किती वर, ते विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते तू पाह्य." पहिल्या वर्षी माझ्या वहीच्या पानांना गोवर निघाल्यासारखा दिसायचा.

आणि तो आरसा. तुमचं म्हणणं असं, की आपल्या चुकीची आपल्या डोळ्याला सवय होते. आरशात तोच चेहरा परका होतो, आणि परक्याचं वाकडं लगेच दिसतं. मी स्वतःचं तोंड सोडून त्या आरशात सगळं बघितलं असेल.

तुम्ही यंत्रांच्या विरोधात होता, असं तुमच्या पुण्यानुमोदनाला दोन वक्त्यांनी सांगितलं. मला उठून बोलावंसं वाटलं, पण पाठीमागे ते फ्लेक्स होतं. अहो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतून अमोलसाठी आणलेली ती चुंबकाची पाटी कोणी पळवली होती? पांढरी प्लास्टिकची पाटी, दोरीला बांधलेलं पेन, आणि खाली सरकपट्टी. पट्टी सर्रकन ओढली की चित्र साफ. अमोलला ती दोन दिवस मिळाली. तिसऱ्या दिवसापासून ती तुमच्या पिशवीत. लोकांच्या घरी गेलात की आधी पाटीवर चेहरा शोधायचात, तो सापडला की मगच वही उघडायचात. मी विचारलं तर म्हणालात, "कागदावर काढलं का लोकं लाजतेत. कागद खराब होईन म्हनतेत. म्हनून बराबर नसलं तरी बराबर हाय म्हनतेत. पाटीवर बिनधास्त सांगतेत, नाही, बाबाचे गाल बसले होते." असा विचार मी अजून कोणत्या कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलेला नाही.

मग फ्लेक्स आलं. दोन-तीन वर्षांत गोंदियातल्या पेंटरांचे ब्रश वाळून काड्या झाले. सगळ्यात आधी उडी मारणाऱ्यांत मी होतो. नागपूरहून पेन टॅबलेट आणला. काळी सपाट पाटी, बिनशाईचं पेन. हात पाटीवर फिरवायचा आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. पहिला अर्धा तास मी वर ओढलेली रेघ खाली जात होती आणि उजवीकडची डावीकडे. मी नागपूरच्या दुकानदाराला फोन लावून खराब माल दिला म्हणून यथेच्छ झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाईसाब, वायर किस तरफ है?" वायर माझ्या पोटाकडे होती. पाटी मी उलटी ठेवली होती.

तुम्हाला बघायला बोलावलं. तुम्ही पेन हातात घेतलंत आणि पडद्याकडे न बघता पाटीकडेच बघत राहिलात, रेघ कधी उमटते याची वाट बघत. उमटणार कुठून? मी म्हणालो, "भाऊ, वर बघा, वर." वर पाहिलंत तर पडद्यावर कोंबडीनं माती उकरल्यासारखं झालं होतं.

"हात इथं, चित्र तिथं," तुम्ही म्हणालात. "म्हनजे जेवलो मी आन् ढेकर आली शेजाऱ्याले."

मग मी एक बटण दाबून चित्राचं डावं-उजवं करून दाखवलं. "हा बघा तुमचा आरसा." ते मात्र तुम्हाला फार आवडलं. पाच-सहा वेळा करायला लावलंत. "हे बेस हाय. वही उचलाची कटकट नाही." पण दुसरं बटण दाखवलं, शेवटची रेघ मागे घेण्याचं, आणि तुमचा चेहरा बदलला.

"गेली कुठं?"

"गेली. पडद्यावर खूणसुद्धा नाही."

"खोडलेली रेघ कागदावर थोडी तरी रायते बे. आपन कुठं चुकलो ते दिसते. इथं तू चुकलाच नव्हता असं होते. मंग शिकशीन कायपासून?"

"चूक दिसलीच पाहिजे काय, भाऊ? गिऱ्हाइकाला चित्र पाहिजे, आमचा अभ्यास नको."

हा वाद आपण आठ वर्षं घातला. चहाच्या टपरीवर, विहाराच्या भिंतीवर बुद्ध रंगवताना, एकदा तर कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, वाढपी पुढे निघून गेला तरी. तो संपला नाही. आता माझ्याकडे थोडी नवी उत्तरं आहेत, थोडे नवे प्रश्नही आहेत, आणि समोर कोणी नाही.

बिरसीच्या विमानतळाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथे विमान चालवायला शिकवायची शाळा सुरू झाली आणि मी टूम काढली, की आपण दोघांनी तिथे जाऊन विमान काढायचं. तुम्ही वहीवर, मी मशीनवर, बघू कोणाचं होतं. मी मोटरसायकलवर लॅपटॉप, टॅबलेट, वायरी, सगळा संसार बांधला. तुम्ही मागे बसलात, हातात वही. धानाच्या बांधावर बसलो तर उन्हामुळे पडद्यावर काही दिसेना. म्हणून मी टॉवेल घेतला, डोकं आणि लॅपटॉप दोन्ही टॉवेलखाली घातलं. आत बरं दिसायचं, फक्त विमान दिसत नव्हतं. विमान बघायला बाहेर, रेघ काढायला आत, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून चौकीदार आला.

"अंदर क्या कर रहे हो?"

टॉवेलमधून मी म्हणालो, "हवाई जहाज बना रहा हूँ."

त्यानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शांतपणे पेन्सिल कानावर ठेवलीत आणि म्हणालात, "साहब, ये मेरे साथ नहीं है."

बॅटरी संपल्यावर मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही चौकीदाराचं चित्र काढून त्याला देऊनही टाकलं होतं. आणि वहीत विमान होतं. म्हणजे विमान नव्हतंच फारसं, वर कोपऱ्यात एक तिरपी रेघ होती. खाली बांधीत एक बाई होती, हातात धानाची पेंढी, मान वर. तिची मान बघितली की वर विमान आहे हे कळत होतं.

त्या चित्राबद्दल मी तुम्हाला चांगलं झालंय असं म्हणालो नाही. बॅटरीवर बोलत राहिलो. तेवढ्यावरच थांबलो असतो तर बरं होतं. पुढच्याच महिन्यात दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं, तुम्ही वही काढलीत, आणि मी हसत हसत म्हणालो, "भाऊ, आता कागदाला कोण विचारते?" गिऱ्हाईकही हसलं. तुम्ही वही परत पिशवीत ठेवलीत, घाईनं नाही, सावकाश. चहाही घेतलात. मी माफी मागणार होतो. आज उद्या करता करता ते राहिलंच.

मग तुमचा हात कापायला लागला. आधी कपबशीचा आवाज यायचा. वहिनी तुमच्या हाताजवळून कप हळूच पलीकडे सरकवायच्या, न बोलता, आणि तुम्ही न बघितल्यासारखं करायचात. तरी गावांतून तुम्हाला बोलावणी यायचीच. लोकांकडे आता फोटो होते, पण जुने म्हातारे-म्हातारी गेले की अजूनही कोणीतरी म्हणायचं, सुखदेवभाऊला बोलवा, ते विचारून विचारून काढतात. तुम्ही जायचात, आणि वही घेऊन माझ्या दुकानात यायचात. "मोठं छापून दे," म्हणायचात. "लोकायले काचेच्या फ्रेममध्ये पाहिजे."

आता कबूल करतो. मी तुमची चित्रं तशीच छापत नव्हतो. स्कॅन करायचो, आणि टॅबलेटवर तुमच्या हललेल्या रेघा सरळ करायचो. कापलेला गाल, सुटलेली हनुवटी. त्याआधी पान साफ करायचो. धूळ, चहाचे डाग, आणि ते बारीक पेन्सिलीचे ठिपके. थरथरत्या हातातली पेन्सिल नको तिथे टेकते, तसे ते रेघांच्या आजूबाजूला पडलेले असायचे. मला गलबलून यायचं. मी एकेक ठिपका शोधून, मोठा करून, फार मायेनं पुसायचो. मग माझ्या अंदाजानं रेघ बसवायचो.

तुम्ही छापलेलं चित्र बराच वेळ बघत राहायचात. "चांगलं छापलं," म्हणायचात. मला वाटायचं, बरं झालं, कळलं नाही. एकदा तेवढं म्हणालात, "गाल अजून जरा आत पाहिजे होता."

"तुम्हीच काढलाय, भाऊ," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग हसलात. "होय बे," म्हणालात. "माहीच चूक."

त्या हसण्याचा अर्थ मला गेल्या आठवड्यात लागला. वहिनींनी तुमची पिशवी पाठवली होती. चित्र काढायला उपयोगी पडेल म्हणून. आत दाढीचा आरसा, ती चुंबकाची पाटी (सरकपट्टी तुटलेली), आणि नऊ वह्या. मी शेवटच्या दोन-तीन वर्षांची वही उघडली आणि पहिल्यांदा ती पानं पडद्यावर न बघता कागदावर बघितली. हातात धरून, खिडकीशी. ठिपके होते. आणि प्रत्येक ठिपका रेघेच्या एकाच बाजूला होता. गाल बाहेर गेला तिथे आत, ओठ घसरला तिथे वर. कुठेही चुकून पडलेला नव्हता. ज्या हातानं सरळ रेघ होत नव्हती, त्याच हातानं ते ठिपके इतके नेमके ठेवले होते. एकेकाला किती वेळ लागला असेल, भाऊ?

तुम्ही माझ्यासाठी खुणा ठेवत होतात आणि मी त्या घाण म्हणून पुसत होतो. बारा-पंधरा घरांच्या भिंतींवर आज ती माणसं लागली आहेत, तुमच्या सहीनं आणि माझ्या अंदाजानं. त्यांतल्या किती सुनांनी डोक्यावर पदर घेतला, हे विचारायला जायची हिंमत होत नाही.

तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतं तर? पण तुम्ही का सांगाल. सांगायचं ते पानावर सांगून झालं होतं. बाकीचं, ते तू पाह्य.

सगळ्यात खालच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही होतात. स्वतःचा चेहरा तुम्ही कधी काढला होता, मला माहीत नव्हतं. हललेल्या रेघा, कपाळावर तीन ठिपके, हनुवटीखाली एक. आणि डाव्या कानावर पेन्सिल. उजव्या भुवईत खाच.

मी खोटं बोलत नाही, भाऊ. डोळ्यांत पाणी होतं, पण पाण्याच्या आधी आनंद आला होता. माझी अब्रू वाचली होती. फ्लेक्सवरचा चेहरा मी त्या बटणानं आरशातला करून तपासला होता आणि परत फिरवायचा विसरलो होतो, एवढंच तर झालं होतं. आणि इथे तुम्ही स्वतःच तसाच चेहरा काढून ठेवला होता. मी वही घेऊन तडक तुमच्या घरी गेलो.

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. मी वही त्यांच्या पुढ्यात उघडली आणि, तुमचीच सवय, त्यांच्या हाताकडे बघत बसलो. पदर जागचा हलला नाही. तुमच्यासाठी त्यांनी डोक्यावर पदर घेतल्याचं मला आठवतच नाही. त्या चित्राकडे बघत राहिल्या आणि बघता बघता त्यांचा हात पुढे आला, आणि वहीजवळ ठेवलेला कप त्यांनी हळूच पलीकडे सरकवला.

मी वही मिटली नाही. पण झालं होतं.

"हेच लावू," वहिनी म्हणाल्या. "हे ठिपके कायचे होत?"

मी सांगितलं. नंबरप्लेटवाल्या दिवसांपासून सगळं, फक्त पुसण्याचं सोडून.

"हो," त्या म्हणाल्या. "ह्यायनं म्हनलं होतं मले. म्या म्हनलं, हात असा कापते, कायले जाता लोकायच्या घरी? तं म्हने, मी खुना करून ठेवतो, गजू करून घेते." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी घेतलं ना करून?"

मी चहा प्यायलो. चहा गरम नव्हता, तरी फुंकून फुंकून प्यायलो. तुम्हाला सांगतो, भाऊ, कारण त्यांना सांगता आलं नाही: नाही घेतलं. या चार ठिपक्यांपासून सुरू करतो. कपाळ, कपाळ, कपाळ, हनुवटी. या वेळी कागदावर, तुमच्या पानावर नवा कागद ठेवून, खिडकीच्या काचेवर धरून. रेघ चुकली तर खोडीन, आणि खूण राहील. यात तुम्ही वाद जिंकलात असं समजू नका. छापणार मी मशीनवरच आहे.

उठताना मात्र माझ्यानं राहवलं नाही. महिनाभराची टोचणी होती.

"वहिनी, एक बघितलं का? भाऊंनीपण पेन्सिल डाव्याच कानावर काढली. म्हणजे फ्लेक्सवर माझं काही अगदीच चुकलं नव्हतं."

वहिनींनी कपबशी उचलली.

"ह्यायनं आरशात पाहून काढलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी काय पाहून काढलं?"